वाचनालयाच्या भिंतीवर गुहाचित्रांच्या धर्तीचं काम : गेरू-चुना टिकेल की पोपडे येतील?

पायथा_वरुड

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाव आहे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची व्हरांड्यातली भिंत चित्रासाठी मिळाली आहे. १८ फूट लांब, ९ फूट उंच, तोंड दक्षिणेकडे, वर पत्र्याचं साडेचार फुटी छप्पर. विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा, त्यावर डिस्टेंपरचे दोन-तीन थर. खालच्या अडीच फुटांत खार फुटलाय, हात फिरवला की पांढरी भुकटी निघते.

डोंगरापलीकडे बैतूल जिल्ह्यात धारूळजवळ २००७ मध्ये जे चितारलेले शैलाश्रय उजेडात आले, ते इथल्या लोकांना जवळचे. पण त्यांची नक्कल करायची नाही, त्यातून आजचं काहीतरी निघावं असं वाटतं. शाळेची ४० मुलं हातांचे ठसे देणार आहेत. रंग शक्यतो मातीचेच. आज २५ ऑक्टोबर, उद्घाटन २६ जानेवारीला. मिस्त्री गावातलाच आहे, चुन्याचं काम त्याच्या वडिलांनी केलेलं, त्याने नाही.

विचारायचं ते असं. सिमेंटवर गेरू-चुना धरेल का? रंग कशात कालवायचा? काही जण म्हणतात पीओपीची गुहाच करून टाका, ते बरं की वाईट? आणि गेरू-पांढरा म्हटलं की सगळे "वारली का?" असं विचारतात, ते कसं टाळायचं?

चुनेगच्ची

रंगाचं नंतर बघू, आधी भिंत. खार ही पाण्याची भानगड आहे. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी स्फटिक धरतात आणि स्फटिक वाढताना वरचा थर ढकलून देतात. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारला तर ओलीला बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढते. आज अडीच फुटांवर असलेली रेघ पुढे साडेतीनवर दिसेल. म्हणून खालचे ३ फूट चित्रातून सरळ वगळा. तिथला सिमेंटचा गिलावा खरवडून विटा उघड्या करा, चुन्याचा साधा खरबरीत हात द्या आणि तो भाग दरवर्षी पांढऱ्या मातीने पोतारायचा म्हणूनच ठेवा. क्षार तिथे येऊ द्या, तिथेच झडू द्या. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याचं पाणी पडत असेल किंवा नळ असेल तर ते आधी हटवा.

वरच्या ६ फुटांत ओल आहे का ते तपासा. एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावून २४ तास ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत ओली, बाहेरून धरले तर ती हवेतली दमट. आतून थेंब असतील तर काम पुढे ढकला.

डिस्टेंपरवर चुना धरत नाही. सिमेंटच्या घट्ट गुळगुळीत गिलाव्यावर चुन्याचा जाड थर द्यायचा तर टाचे मारूनही भरवसा नाही. काही महिन्यांनी ठोकलं की पोकळ आवाज येतो. १८ बाय ६ म्हणजे १०८ चौरस फूट, दोन माणसांचं छिन्नी-हातोड्याचं दिवसभराचं काम. काढून टाका. विटांचे सांधे अर्धा इंच खोल उकरा, झाडा, आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पाणी मारा.

माल असा लागेल : सरासरी २० मिलिमीटर जाडी आणि फुगवट्यांसाठी थोडा जास्तीचा हिशेब धरून ५० किलो कळीचा चुना, ६ घनफूट नदीची वाळू, ३ घनफूट सुरखी (विटांची भुकटी). प्रमाण मापाने, निवळलेल्या चुन्याचा लगदा १, सुरखी १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या, पिवळसर-नारिंगी विटांची घ्या. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या विटेची भुकटी निर्जीव असते, ती चुन्याशी धरत नाही. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो, आणि भिंतीला जो फिका गुलाबी-तपकिरी रंग येतो तो फुकटात वालुकाश्माच्या जवळ जातो.

वाळूत गाळ किती ते बाटलीत बघा. अर्धी बाटली वाळू, वर पाणी, हलवून रात्रभर ठेवा. ४ इंच वाळूवर दोन सुतांपेक्षा जाड गाळ बसला तर वाळू धुऊन घ्या. गाळाची वाळू हेच केसाएवढ्या भेगांचं नेहमीचं कारण.

चुना आजच भिजत घाला. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग चुन्याचे खडे, थोडे थोडे. उलटं करायचं नाही. खड्यांवर पाणी ओतलं की उकळी फुटून अंगावर येते. प्लास्टिकचं पिंप वितळतं. १ भाग खड्यांना ३ भाग पाणी, ५० किलो दोन-तीन खेपांत. डोळ्यांना चष्मा हवाच, पोरांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका. वर दोन बोटं पाणी राहील असा झाकून किमान १५ दिवस ठेवा. कच्चा राहिलेला खडा गिलाव्यात गेला तर महिन्याने तिथे फोड येऊन बी निघाल्यासारखा खड्डा पडतो, म्हणून लगदा जाळीतून गाळूनच वापरायचा.

पहिला थर १२ मिलिमीटर, दहा दिवसांनी दुसरा ५-६, मग आठवड्याने तिसरा २-३ मिलिमीटर बारीक वाळूचा. पहिल्या थरात घमेल्याला मूठभर अंबाडीचा धागा, दीड इंची तुकडे करून. कोंबड्यांची जाळी ठोकू नका, ती गंजते आणि गंजाचा डाग रंगातून वर येतो. फुगवटे हवे असतील तर विटांचे रोडे पहिल्या थरात दाबून बसवा आणि थराथराने चढवा; एकदम दोन इंच माल थापला की खाली घसरतो. दीड इंचापेक्षा जास्त उठाव नको. प्रत्येक थर ३-४ दिवस ओल्या पोत्यांनी झाका. थर दुसऱ्या दिवशी थोडा आवळला की लाकडी थापीने पुन्हा दाबून घासा, बारीक भेगा तेव्हाच मिटतात.

पीओपीची गुहा करू नका. पीओपी म्हणजे जिप्समच, ते पाण्यात थोडं विरघळतं, ओलीत मऊ पडतं, आणि दिसायला ते लग्नाच्या हॉलमधल्या धबधब्यासारखंच दिसतं.

लालमाती

वरच्या उत्तरात भिंतीचं सगळं आलं, मी रंगांचं लिहिते.

चुन्यात टिकणारे रंग मोजके आहेत : गेरू, पिवडी (पिवळी माती), इंग्रजीत ‘अंबर’ म्हणतात त्या तपकिरी माती, हिरवी माती, कोळसा-काजळी आणि चुना स्वतः. कपड्याची नीळही चुन्यात टिकते, पण या कामात ती खटकेल. हळद, पळसफुलं, पालेभाजीचा रस यांना हात लावू नका. हळद चुन्यात पडली की लाल होते (कुंकू असंच तर करतात) आणि मग उन्हात उडून जाते. शेंदूर तर नकोच नको. ते शिशाचं संयुग आहे, विषारी, आणि भिंतीवर काळंही पडतं.

बाजारातल्या गेरूत कधी रंग मिसळलेला असतो. चमचाभर गेरू ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. खरी माती तळाशी बसते आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. पाणी गुलाबी राहिलं तर परत करा. दुसरी कसोटी : चुन्याच्या लगद्यात कालवून कौलावर फासा आणि आठ दिवस उन्हात ठेवा.

गेरू निवळून घ्या. कुटून पाचपट पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा म्हणजे वाळूचे कण खाली बसतील, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर बसू द्या, पाणी काढा, गाळ पसरून वाळवा. मग पाट्यावर पाण्यासोबत वाटा, पाटा स्वयंपाकाचा नको. बोटांच्या चिमटीत कण लागेनासा झाला की झालं.

लाल रंगाच्या दोन-तीन छटा हव्यात तर पिवडी भाजा. जुन्या लोखंडी तव्यावर पातळ पसरून मोठ्या आचेवर हलवत राहा. आधी ती तपकिरी होते, मग कडेने विटकरी, मग लाल. पिवडीतलं पाणी निघून जातं आणि तिचाच गेरू होतो. हे २५०-३०० अंशांच्या आसपास घडतं. मधेच उतरवली तर मधली छटा मिळते. प्रागैतिहासिक माणसंही पिवळी माती भाजून लाल करत असत. मुलांना हे दाखवाच, त्यापेक्षा चांगला तास नाही.

काळ्यासाठी चिंचेच्या करंगळीएवढ्या काड्या डब्यात गच्च भरा, झाकणाला एक भोक पाडा, डबा चुलीत. भोकातून धूर निघायचा थांबला की डबा काढा आणि गार झाल्यावरच उघडा, आधी उघडला तर आत राखच. याच काड्या रेखाटायला चालतात, कुटून रंगालाही. काजळी तेलकट असते, पाण्यावर तरंगते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये मळून घ्यावी लागते.

बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणून दूध-चुना. साय पूर्ण काढलेलं २ लिटर दूध लिंबाने फाडा, चोथा दोन पाण्यांनी धुवा म्हणजे आंबटपणा जाईल, फडक्यात टांगा. अडीचशे-तीनशे ग्रॅम निघेल. मापाने ५ भाग चोथ्याला १ भाग गाळलेला चुन्याचा लगदा घालून घोटा. दोन-चार मिनिटांत दाणेदार चोथा चकचकीत, चिकट, मधासारखा होतो. तसा झाला नाही तर दुधात स्निग्धांश राहिला किंवा चुना जुना, हवा लागून मेलेला. अर्धा तास ठेवा, तेवढंच पाणी घाला, मलमलीतून गाळा. आता रंगाची पाण्यात भिजवलेली पेस्ट आणि हे मिश्रण बरोबरीने. एका खेपेला साधारण लिटरभर रंग होतो, पातळ एका हाताला साठ-सत्तर चौरस फूट पुरावा. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि चिकटपणा गेलेला असतो.

जाड लावायचा मोह आवरा. दूध-चुन्याचा जाड थर वाळताना इतका आकसतो की गिलाव्याचा पापुद्रा सोबत ओढून आणतो. दोन पातळ हात, मधे एक दिवस. आणि पांढऱ्याची गंमत लक्षात ठेवा : चुन्याचा पांढरा ओला असताना पारदर्शक असतो, वाळल्यावर उठतो. नवखा माणूस दिसत नाही म्हणून थरावर थर चढवतो आणि सकाळी सगळं भगभगीत पांढरं.

तुमसर_लाईन

भाऊ, काळ्यासाठी काड्या जाळत काहून बसता? इकडं मॅंगनीजचे ढिगारेच्या ढिगारे हायेत. फ्रान्समधल्या त्या लास्कोच्या गुहेतला काळा बी मॅंगनीजचाच हाय म्हणते. एक पोतं पाठवून देऊ का?

लालमाती

@तुमसर_लाईन दादा, लास्कोचं खरं आहे, तिथे मॅंगनीज ऑक्साइडचा काळा आहे. रंग म्हणून तो पक्का, चुन्यातही टिकतो. पण त्याची धूळ श्वासातून सतत गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. इथे ४० मुलं आहेत, कुटणं-चाळणं हाताने होणार. पोतं तिकडेच राहू द्या. कोळशाने काम भागतं.

रेघोट्या

आता चित्राचं. "वारली का?" हा प्रश्न येतो त्याला कारण आहे. वारली चित्रं पालघरकडची. गेरूची सपाट भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, त्रिकोणी अंगाची माणसं. तुम्ही भिंत एकसारखी गेरूने रंगवून त्यावर पांढऱ्या काड्यांची माणसं काढली की ती वारलीची स्वस्त नक्कलच होणार. वारलीवरही अन्याय, गुहाचित्रांवरही. तेव्हा पहिला नियम : पार्श्वभूमी रंगवायचीच नाही. सुरखीच्या गिलाव्याचा जो रंग आला तोच दगड.

गुहाचित्रांतून उचलायचं काय, तर खडकाशी असलेलं नातं. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावर जे गवे आहेत त्यातले कित्येक खडकाच्या नैसर्गिक फुगवट्यांवर बसवलेले आहेत, पोट जिथे फुगायला हवं तिथे दगडच फुगलेला. स्पॅनिश चित्रकार मिरो आणि कुंभारकाम करणारा त्याचा सोबती आर्तिगास यांनी पॅरिसच्या युनेस्को मुख्यालयासाठी सूर्य आणि चंद्र अशा दोन भिंती केल्या, १९५८ मध्ये त्या पुऱ्या झाल्या. कामाआधी दोघं अल्तामिराला जाऊन आले. सारख्या मापाच्या चौकोनी फरशा यंत्रातून निघाल्यासारख्या दिसतात म्हणून त्यांनी त्या सोडल्या आणि वेड्यावाकड्या मापाच्या भाजल्या. म्हणजे बैलाचा आकार न घेता भिंतीचा पोत घेतला. तुमच्या कामाला मला हे सर्वांत उपयोगी उदाहरण वाटतं.

अमेरिकन चित्रकार एलेन डी कूनिंग १९८३ मध्ये लास्कोला गेल्यानंतर गुहेच्या भिंतींची मालिका करत राहिली. तिच्या चित्रांत प्राणी रंगाच्या ओघळांतून अर्धवट वर येतात, पूर्ण कधीच दिसत नाहीत. ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग एव्हन नदीचा चिखल हातांनी थेट दालनाच्या भिंतीवर फासतो, प्राणी वगैरे काही नाही, नुसते हात आणि ओघळ. आपल्याकडे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या शेवटच्या काळातल्या चित्रांत मातीचे रंग आणि बोटांनी ओढलेल्या खुणा आहेत. भोपाळच्या भारत भवनात (१९८२) त्यांनीच आदिवासी आणि शहरी चित्रकारांना एका छताखाली आणलं. आणि भोपाळजवळचे भीमबेटक्याचे चितारलेले शैलाश्रय १९५७ मध्ये जगापुढे आणणारे पुरातत्त्वज्ञ वाकणकर स्वतः चित्रकार होते, हे आपल्याकडे विसरलं जातं. भोपाळला कोणी जात असेल तर भीमबेटक्याला अर्धा दिवस काढा. तिथे एकाच खडकावर वेगवेगळ्या काळातली चित्रं एकमेकांवर चढलेली आहेत, कोणी आधीचं पुसलेलं नाही. काही प्राण्यांच्या पोटातलं आतलंही काढलेलं आहे.

तुमच्या भिंतीवर हे कसं करायचं : कागदावर डिझाइन करू नका आणि प्रोजेक्टरने तर मुळीच टाकू नका. गिलावा वाळला की अंधार पडल्यावर एक बॅटरी भिंतीला अगदी चिकटून, बाजूने धरा. प्रत्येक फुगवटा, थापीची प्रत्येक रेघ सावली टाकेल. मुलांना विचारा काय दिसतं. कुणाला रोही (नीलगाय) दिसेल, कुणाला रानडुक्कर, कुणाला पोळ्याच्या बैलाचं वशिंड. जिथे दिसलं तिथेच कोळशाने धरा. बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली की भलतंच दिसतं, तेही धरा. अशा तीन संध्याकाळी झाल्या की रेषा एकमेकींवर चढतात. मग पहिला थर पिवडीचा, दुसरा गेरूचा, शेवटी काळा, आणि पांढरा अगदी थोडा. संत्र्याचे क्रेट, जेसीबी, मोटरपंप हेही येऊ द्या, फक्त त्याच रंगांत आणि त्याच कुंचल्याने. जमिनीची आडवी रेघ ओढायची नाही, चौकट नाही, डोंगर-झाड-सूर्य नाही. शाळेच्या भिंतीवरचं चित्र या तिघांमुळेच शाळेच्या भिंतीवरचं दिसतं!

कुंचले पळसाच्या मुळ्या ठेचून करा. दुकानातला ब्रश फार सरळ रेघ देतो.

धारूळला मुलांना नेणार असाल तर वनविभागाला विचारून जा. चित्र उठून दिसावं म्हणून खडकावर पाणी मारणं, खडूने बाह्यरेषा गिरवणं, हात लावणं, यातलं काहीच करू नका. फोटो काढून डीस्ट्रेच नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. डोळ्यांना न दिसणारा फिका गेरूही त्यात स्पष्ट होतो. लास्को १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दिव्यांमुळे वाढलेलं शेवाळ एवढं पुरलं.

पायथा_वरुड

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो, आज १८ डिसेंबर. गिलाव्याचे तिन्ही थर झाले, रंग छान विटकरी-राखाडी आलाय. दोन ठिकाणी केसाएवढ्या भेगा आहेत. पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात दोन फुटांचा नमुना रंगवला. पिवडी चांगली धरली, पण गेरू बोटाला येतो. काळा मधेच ढगाळ पांढरा झाला. नमुना दुपारी एकच्या सुमारास केला होता, त्या कोपऱ्यात ऊन येतं. पिवडी-गेरू दोन्हींना एकाच खेपेचं दूध-चुना. काय चुकलं?

आणि मुलांच्या हातांचं अजून कोणी सांगितलं नाही.

चुनेगच्ची

काळा पांढुरका झाला कारण गिलाव्यात अजून न मुरलेला चुना आहे. पाणी लागलं की तो विरघळून वर येतो आणि हवेत पांढरा पापुद्रा धरतो. लाल-पिवळ्यावरही येतो, काळ्यावर दिसतो इतकंच. शेवटचा थर कधी दिलात? पंधरा दिवस झाले नसतील तर थांबा. रंग लावायच्या आधी गिलाव्यावर फक्त हलकी ओल हवी. बोट टेकवलं तर गार लागावं पण पाणी दिसू नये.

भेगा आगपेटीच्या काडीचं टोक जाईल इतक्या नसतील तर सोडून द्या. दगडालाही असतात. रेषा तिथून वळवा.

लालमाती

गेरू बोटाला येतो याची दोन कारणं. एक, ऊन. कोरड्या तापलेल्या गिलाव्याने रंगातलं पाणी आणि त्यासोबत बाइंडर क्षणात ओढून घेतला, रंगद्रव्य नुसतं वर बसलं. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर काम करा, स्प्रेने आधी धुकं मारा. दोन, गेरू पिवडीपेक्षा बारीक निवळला गेला असावा. जितकी बारीक माती तितका बाइंडर जास्त पितो, त्यामुळे बरोबरीचं प्रमाण त्याला कमी पडलं. १ भाग गेरू पेस्टला दीड भाग करून पाहा. आधी कौलाच्या तुकड्यावर, २४ तासांनी कोरड्या बोटाने दहा वेळा घासायचं. पिवळसर-लाल सावलीपुरतं आलं तर चालेल, भुकटी आली तर नाही. झालेल्या नमुन्यावर बाइंडर चौपट पाण्यात पातळ करून धुकं मारलं तर तो वाचेल.

आता हात. दूध-चुना मुलांच्या कातडीला लावायचा नाही, चुना भाजतो. तोंडाने फुंकणं तर नाहीच. त्या काळी माणसांनी तसं केलं असलं तरी. फ्रान्समध्ये लोरब्लांशे या अभ्यासकाने पेश-मेर्ल गुहेतले ठिपक्यांचे घोडे कोळसा चावून थुंकत पुन्हा काढून पाहिले, त्याला ३२ तास लागले. पोरांच्या तोंडात बाजारातली माती कशाला.

मुलांच्या हातांसाठी वेगळा रंग : २ लिटर पाणी, २०० ग्रॅम बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळलेला, ४०० ग्रॅम निवळलेला गेरू. दुहेरी मलमलीतून गाळा, एक वाळूचा कण पंपाचं तोंड बंद करतो. एका हाताला चाळीस-पन्नास मिलिलिटर धरा, म्हणजे ४० जणांना पुरतं. केसांना पाणी मारायच्या साध्या स्प्रे बाटल्या चार-पाच ठेवा, दर दोन हातांनंतर हलवा. गंमत म्हणून एखादा ठसा दोन नळ्यांनी करून दाखवा : एक बारीक नळी रंगात उभी, चुलीच्या फुकणीचं तोंड तिच्या वरच्या टोकाशी काटकोनात धरून हवा मारायची, रंग आपोआप वर ओढला जाऊन फवारा होतो. फुंकणारा माणूस मोठा असावा.

तळहात भिंतीला पूर्ण टेकलेला हवा, बोटांच्या मधली कातडीसुद्धा. फुगवट्यावर हात ठेवला तर कडेने रंग आत शिरतो आणि बोटं जाड दिसतात, त्यामुळे हातांसाठी सपाट जागा निवडा. बाटली वीतभर अंतरावर, भिंतीला सरळ. तिरपी धरली की एका बाजूला कड धारदार आणि दुसरीकडे धूसर. एकदम भिजवू नका, तीन-चार हलके फवारे, मधे चार श्वास. ओघळ आला तर पुसू नका, पुसलं की डाग पडतो. उलट ओघळ राहिला तर बरा दिसतो.

डिंकाचा रंग पाण्याने निघतो. म्हणून दोन दिवसांनी, मुलं नसताना, मोठ्या माणसाने हातमोजे आणि चष्मा घालून दूध-चुन्याचं तिप्पट पाण्यात पातळ केलेलं धुकं त्यावर दोनदा मारायचं. स्प्रे दूरून, नाहीतर ठशाची कड हलते.

रेघोट्या

हात सगळे एका रांगेत लावू नका. "४० विद्यार्थ्यांचे हात" असा फलक तयार होतो. दोन-तीन ठिकाणी दाटी, बाकी रिकामं. काही हात प्राण्यांच्या आधी, काही नंतर, म्हणजे एखाद्या रोह्याची रेघ कोणाच्या तरी बोटांवरून जाईल. आणि डावे हात जास्त येऊ द्या. उजव्या हाताने फवारा मारला की डावाच भिंतीवर राहतो.

पायथा_वरुड

समजलं. शेवटचं एक. सरपंच म्हणतात वरून क्लिअर कोट किंवा वॉर्निश मारून टाका, पक्कं होईल. कोणी म्हणतं जवसाचं तेल. मारू का?

चुनेगच्ची

काहीच मारू नका. क्लिअर कोटने भिंतीचा श्वास कोंडतो, ओल मागे अडकते, मग तो कोट पांढरा पडतो आणि रंगासकट पापुद्रे निघतात. जवसाचं तेल गिलाव्यात असमान मुरतं, तेलकट काळपट डाग पडतात आणि वर्षभरात पिवळं होतं.

खरा शत्रू आहे पाठ टेकून बसणारा माणूस आणि सायकलचं हँडल. भिंतीपासून दोन फुटांवर लोखंडी बाक पक्के करा, पाठ रस्त्याकडे. पत्र्याच्या कडेला पन्हाळ लावा म्हणजे पावसाळ्यात खालून शिंतोडे उडणार नाहीत. प्रत्येक रंगाची पाव किलो कोरडी भुकटी झाकणाच्या बाटलीत वाचनालयाच्या कपाटात ठेवा, बाटलीवर प्रमाण लिहून. पुढे टवका उडाला तर त्याच मातीने भरता येईल, दुकानातला गेरू जुळणार नाही.

धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटकायची. ओलं फडकं कोणाच्याही हातात देऊ नका, १५ ऑगस्टच्या साफसफाईत तर नाहीच.